वाचकांचे प्रश्न : पिट्सबर्गमध्ये गाडीवाचून

मागील अंकातील टिपणात मी लिहिले होते, की पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग हे स्वतःची गाडी नसतानाही राहता येईल अशा मोजक्या अमेरिकी शहरांपैकी एक आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या महिन्याचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीला पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात एम.एस.साठी प्रवेश मिळाला आहे. नात्यातले सगळे सांगतात, की अमेरिकेत गाडी नसेल तर माणूस घरात अडकून पडतो, त्यामुळे पहिल्या महिन्यातच जुनी गाडी घ्यावी लागेल. शिक्षणासाठी कर्ज काढलेले असताना हा खर्च टाळता येईल का? घर कोणत्या भागात पाहावे?
– एक आई, नाशिक

उत्तर : टाळता येईल, आणि माझ्या मते निदान पहिले वर्षभर तो टाळावाच. मात्र त्यासाठी एक पथ्य पाळावे लागेल. घराचे भाडे, खोल्यांचा आकार आणि सोबतच्या मुली यांच्याही आधी बसचा नकाशा पाहावा, आणि घर त्यानुसार ठरवावे. मी स्वतः या शहराच्या स्क्विरल हिल भागात चार वर्षे गाडीवाचून राहिलो आहे, म्हणून हे ऐकीव माहितीवर सांगत नाही.

पिट्सबर्ग शहराची वस्ती जेमतेम तीन लाखांची आहे. ॲलेगेनी आणि मोनॉन्गहेला या दोन नद्यांच्या संगमातून तेथे ओहायो नदी सुरू होते, आणि तिन्ही नद्यांच्या काठांवरून उभ्या टेकड्या चढत गेल्या आहेत. अशा भूरचनेमुळे बसला सरळ, समांतर रस्ते मिळत नाहीत. मोजक्या रस्त्यांवर अनेक मार्ग एकत्र येतात आणि पुढे फाटे फुटून टेकड्यांवर विखुरतात. कार्नेगी मेलन ज्या फोर्ब्स ॲव्हेन्यूवर आहे, त्या रस्त्याने ६१ क्रमांकाचे ए, बी, सी आणि डी असे चार मार्ग शहराच्या मध्यवर्ती भागातून, विद्यापीठे असलेल्या ओकलंड भागामार्गे स्क्विरल हिलपर्यंत एकत्र येतात आणि फोर्ब्स व मरे या दोन रस्त्यांच्या चौकात दोन-दोन करून वेगळे होतात. त्या चौकाच्या आधी घर असेल तर चारांपैकी कोणतीही बस चालते. चौकापलीकडे गेल्यावर मात्र आपल्या दिशेला वळणाऱ्या बसचीच वाट पाहावी लागते. शेजारच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या ७१ क्रमांकाच्या चार मार्गांचेही असेच आहे. ते ओकलंडपर्यंत एकत्र येतात आणि तेथून शेडीसाइड, हायलंड पार्क, ईस्ट लिबर्टी या दिशांना पांगतात. एकाच शहरात, एकाच भाड्यात, दोन गल्ल्यांच्या अंतराने बससेवेचा दर्जा इतका बदलतो, आणि घर पाहताना हे कोणी सांगत नाही.

विद्यापीठाचे ओळखपत्र हेच तिचे तिकीट असेल. विद्यार्थ्यांकडून दर सत्राला घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून विद्यापीठ प्रवासाचे पैसे भरते, त्यामुळे ते कार्ड बसच्या यंत्राला लावले की झाले. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनाही ही सोय आहे. विमानतळावर जाण्यासाठी २८ एक्स ही बस ओकलंडमधूनच निघते आणि तिचे भाडे साध्या बसइतकेच असते. पहिल्या दिवशी दोन मोठ्या बॅगा असतील तर टॅक्सी करावी, पण पुढच्या प्रत्येक सुट्टीत तिला त्या बसचा उपयोग होईल.

घर ठरवण्यापूर्वी तिला तीन गोष्टी तपासायला सांगा. पहिली म्हणजे वेळापत्रक पाहताना रविवारचे पाहावे, सोमवारचे नव्हे. सोमवारी सकाळी कोणताही मार्ग चांगला दिसतो, आणि मार्गाची खरी परीक्षा रविवारी संध्याकाळी होते. दुसरी, प्रयोगशाळेतून रात्री उशिरा परतावे लागणार असेल तर शेवटची बस किती वाजता आहे ते नोंदवून ठेवावे. तिसरी गोष्ट या शहराचीच खास आहे. येथे टेकड्यांवर चढणारे सुमारे ८०० सार्वजनिक जिने आहेत आणि त्यांतील अनेक नकाशावर रस्ता म्हणून नोंदलेले आहेत. ‘थांब्यापासून पाच मिनिटे’ असे जाहिरातीत लिहिलेल्या घराची वाट प्रत्यक्षात शे-दीडशे पायऱ्यांची असू शकते, आणि जानेवारीत त्या पायऱ्यांवर बर्फ असतो.

भारतीय किराण्याची मोठी दुकाने बहुतेक उपनगरांत आहेत. तेथे महिन्यातून एकदा चौघींनी मिळून भाड्याच्या गाडीने जाऊन यावे. एवढ्या एका कामासाठी स्वतःची गाडी, तिचा विमा, दुरुस्ती आणि हिवाळ्यात बर्फाखालून ती खणून काढणे हा व्याप कर्जाच्या पैशांतून करू नये.

प्रश्न : मी निवृत्त स्थापत्य अभियंता असून गेल्या वर्षी पिट्सबर्गला दोन महिने राहिलो होतो. तेथील हलकी रेल्वे सुरेख आहे, परंतु ती फक्त दक्षिणेकडच्या उपनगरांत जाते. विद्यापीठे, मोठी रुग्णालये आणि सर्वांत जास्त प्रवासी पूर्वेकडच्या ओकलंड भागात असताना तेथे रेल्वे नाही. इतके उघड दिसणारे काम इतकी वर्षे का झाले नाही?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. ज्या रेल्वेला तेथील लोक नुसते ‘टी’ म्हणतात, ती आखताना कोणी प्रवाशांची गर्दी मोजून दक्षिण दिशा निवडली नव्हती. जुन्या ट्रामपैकी जेवढे काढून टाकता आले नाही तेवढे उरले, आणि त्यातून ‘टी’ उभी राहिली.

१९५० साली पिट्सबर्गची वस्ती पावणेसात लाखांच्या आसपास होती, म्हणजे आजच्या दुपटीहून जास्त. पोलादाच्या भट्ट्या दिवसरात्र पेटलेल्या असत आणि कामगारांची ने-आण करणाऱ्या ट्रामचे जाळे सर्व दिशांना पसरलेले होते. नंतर मोटारी वाढल्या, ट्राम चालवणारी खासगी कंपनी डबघाईला आली आणि १ मार्च १९६४ रोजी पिट्सबर्ग ज्या ॲलेगेनी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येते तिच्या पोर्ट ऑथॉरिटी या सार्वजनिक संस्थेने ती कंपनी आणि तीसहून अधिक छोट्या बस कंपन्या आपल्या ताब्यात घेतल्या. हीच संस्था २०२२ पासून पिट्सबर्ग रीजनल ट्रान्झिट या नावाने ओळखली जाते. त्या काळच्या बहुतेक अमेरिकी शहरांप्रमाणे येथेही ट्राम काढून बस आणणे म्हणजे आधुनिक होणे, असा समज होता. रस्त्याच्या मधोमध धावणाऱ्या ट्राम काढणे सोपे होते, त्यामुळे ओकलंडमधल्या ट्राम साठच्या दशकातच गेल्या. दक्षिणेकडच्या ट्राम मात्र माउंट वॉशिंग्टन टेकडीखालच्या १९०४ सालच्या बोगद्यातून जात आणि पुढे बऱ्याच ठिकाणी घळींमधून, रस्त्यापासून वेगळ्या मार्गावर धावत. तेथे त्याच वाटेने बस नेणे अवघड होते, म्हणून त्या वाचल्या. १९८५ मध्ये मध्यवर्ती भागात त्यांच्यासाठी भुयारी मार्ग झाला आणि जुन्या ट्रामची ‘टी’ झाली.

मधल्या काळात ‘स्कायबस’ नावाची एक योजना होती. वेस्टिंगहाऊस या पिट्सबर्गच्याच कंपनीने रबरी चाकांची, चालकाविना धावणारी, उंच काँक्रीटच्या मार्गावरची गाडी तयार केली होती आणि १९६५ पासून साउथ पार्कमध्ये तिचे प्रात्यक्षिकही सुरू झाले होते. ती दक्षिणेकडे न्यायची की जुन्या ट्रामच सुधारायच्या, यावर राजकारणी, तज्ज्ञ आणि उपनगरे वर्षानुवर्षे भांडत राहिली आणि सत्तरच्या दशकात ती योजना बारगळली. त्याच आराखड्यात बससाठी स्वतंत्र रस्ते बांधण्याचा एक कमी गाजलेला भाग होता, आणि माझ्या मते या शहराने सार्वजनिक वाहतुकीत केलेले सर्वांत चांगले काम त्यातून झाले. दक्षिणेचा बसमार्ग १९७७ मध्ये आणि पूर्वेचा १९८३ मध्ये खुला झाला.

पूर्वेचा बसमार्ग आपण पाहिला नसेल तर पुढच्या खेपेस अवश्य पाहावा. जुन्या रेल्वेमार्गाच्या पट्ट्यात, आगगाडीच्या रुळांना खेटून, फक्त बससाठी केलेला हा रस्ता आहे. त्यावर चौक नाहीत, सिग्नल नाहीत आणि खासगी वाहनांना प्रवेश नाही. सुरुवातीला तो सुमारे ११ किलोमीटरचा होता आणि २००३ मध्ये स्विसव्हेलपर्यंत वाढवल्यावर साडेचौदा किलोमीटरच्या आसपास झाला. त्यावरची पी १ ही बस ईस्ट लिबर्टीहून मध्यवर्ती भागात दहा-बारा मिनिटांत पोहोचवते, आणि गर्दीच्या वेळी मोटारीला हे जमत नाही. आपण पुण्याचे असल्याने बसच्या स्वतंत्र मार्गिकेत दुचाक्या कशा घुसतात आणि थांब्यावर पोहोचण्यासाठी वाहनांमधून कसा रस्ता ओलांडावा लागतो हे आपल्याला सांगायला नको. पूर्वेच्या बसमार्गाला तो त्रास नाही, कारण तो मुळातच रस्त्याच्या बाहेर आहे. रूळ नसूनही त्याची सेवा चांगल्या उपनगरी रेल्वेच्या तोडीची आहे.

उणीव एवढीच, की रेल्वेचा तो पट्टा ओकलंडच्या उत्तरेकडून, खालच्या अंगाने जातो. विद्यापीठे आणि रुग्णालये वरच्या पठारावर राहतात, आणि तेथे जाणाऱ्या ६१ व ७१ क्रमांकाच्या बस फिफ्थ आणि फोर्ब्स या रस्त्यांवर मोटारींच्या गर्दीत अडकतात. एकामागोमाग एक तीन बस येणे आणि मग बराच वेळ एकही न येणे, हा अनुभव ओकलंडच्या प्रत्येक रहिवाशाला आहे. पहिली बस सिग्नलला अडकली, की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे साचतात, त्यांना चढवून घेताना ती आणखी मागे पडते आणि मागची रिकामी बस तिला गाठते. जास्त बस सोडून हे सुटत नाही, रस्त्यावर जागा राखून सुटते. मध्यवर्ती भाग, ओकलंड आणि स्क्विरल हिल जोडणाऱ्या रेल्वेचा ‘स्पाइन लाइन’ या नावाने नव्वदच्या दशकापर्यंत विचार झाला, पण टेकडीखालून बोगदा काढण्याचा खर्च उचलायला कोणी तयार झाले नाही. आता त्याच वाटेवर बसच्या राखीव मार्गिका आणि सुधारित थांबे असलेली ‘युनिव्हर्सिटी लाइन’ आखली असून मध्यवर्ती भागातले काम २०२३ मध्ये सुरू झाले. ही योजना रेल्वेपेक्षा कमी दर्जाची म्हणून अनेक जण नाक मुरडतात. मला ती योग्य वाटते, कारण या रस्त्यावर बस भरपूर आहेत आणि कमतरता फक्त त्यांना मोकळे धावू देण्याची आहे.

आपण अभियंता आहात म्हणून आणखी एक गोष्ट लिहितो, कारण ती मला अनेक वर्षे सलते आहे. २०१२ च्या मार्चमध्ये ‘टी’चा ॲलेगेनी नदीखालून जाणारा विस्तार सुरू झाला. सुमारे दोन किलोमीटरच्या या मार्गाला ५२ कोटी डॉलरहून अधिक खर्च आला, आणि तो नदीपलीकडची मैदाने, वाहनतळ आणि कॅसिनोपर्यंत जातो. बरोबर एक वर्ष आधी, मार्च २०११ मध्ये, त्याच संस्थेला रोजच्या खर्चासाठी पैसे नाहीत म्हणून बससेवेत १५ टक्के कपात करावी लागली होती आणि २९ मार्ग बंद झाले होते. बोगदा वाईट बांधला आहे असे मी म्हणत नाही. तो उत्तम आहे आणि मध्यवर्ती भागापासून तेथपर्यंतचा प्रवास विनामूल्य आहे. परंतु बोगद्यासाठी आलेले केंद्र सरकारचे पैसे बसचालकाच्या पगाराला वापरता येत नव्हते. पुढच्या एका पत्राचे उत्तर याच मुद्द्यावर अवलंबून आहे.

प्रश्न : पिट्सबर्गमध्ये पूल कोसळून बस खाली गेल्याची चित्रफीत मी पाहिली आहे. पुढच्या वर्षी शिकायला तेथे जाणार आहे. बसने फिरणे सुरक्षित आहे का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : ती दुर्घटना २८ जानेवारी २०२२ च्या पहाटे घडली. फ्रिक पार्कमधल्या घळीवरचा फर्न हॉलो पूल कोसळला, तेव्हा ६१ बी मार्गाची जोडबस त्यावर होती. काही माणसे जखमी झाली, पण सुदैवाने कोणाचाही मृत्यू झाला नाही. बर्फामुळे शाळा उशिराने भरणार होत्या म्हणून त्या वेळी रहदारी कमी होती. चौकशीत आढळले, की पुलाचे पोलादी पाय गंजून पोखरले होते आणि तपासणी अहवालांत वर्षानुवर्षे सुचवलेली दुरुस्ती केली गेली नव्हती. पूल महापालिकेचा होता आणि त्यात बसचा किंवा चालकाचा काहीही दोष नव्हता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवा पूल रहदारीला खुला झाला.

अमेरिकेत बसमधला प्रवास मोटारीतल्या प्रवासापेक्षा कितीतरी पट सुरक्षित आहे, म्हणून त्या चित्रफितीच्या धास्तीने गाडी घेण्याचा विचार करू नये. खरी काळजी थांब्यापर्यंत चालत जाताना घ्यावी. पदपथ नसलेल्या उपनगरी रस्त्यावर अंधारात चालू नये, आणि हिवाळ्यात तळव्याला पकड असलेले बूट वापरावेत.

प्रश्न : मी पंचवीस वर्षे पिट्सबर्गच्या उत्तर उपनगरात राहतो. आमच्याकडे दोन गाड्या आहेत आणि बसमध्ये मी क्वचितच बसलो असेन. दरवर्षी बससेवेला पैसे कमी पडतात, दरवर्षी कपातीची भीती घातली जाते आणि पुन्हा करदात्यांकडे हात पसरला जातो. प्रवासीही पूर्वीइतके राहिलेले नाहीत. जे वापरतात त्यांनीच भाड्यातून खर्च का भागवू नये? मराठी माणूस हिशेबी असतो, म्हणून मोकळेपणाने विचारतो.
– एक वाचक, पिट्सबर्गजवळील उपनगर

उत्तर : मोकळेपणाने विचारलेत याबद्दल आभार. हिशेब करूच, मात्र तो पूर्ण करू.

प्रवासी कमी झाले हे खरे आहे. महामारीपूर्वी वर्षाला सहा कोटींहून अधिक फेऱ्यांची नोंद होत असे, ती त्यानंतर चार कोटींच्या आसपास राहिली आहे, कारण कचेरीतले बरेच लोक घरून काम करू लागले. पण जे उरले ते कोण, हे पाहायला हवे. सकाळी साडेपाचला होमवूडहून ओकलंडच्या रुग्णालयात फरशी पुसायला जाणारी बाई, रुग्णाच्या उशाशी रात्रपाळी करून परतणारी परिचारिका, मॅकीसपोर्टच्या बाजूने येणारा स्वयंपाकी. यांचे काम घरून होत नाही. आपल्याला किंवा मला त्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर खोली स्वच्छ असण्यामागे ६१ किंवा ७१ क्रमांकाची बस असते. १९७९ पासून याच काउंटीत वृद्ध आणि अपंगांना दारातून दारापर्यंत नेणारी ‘ॲक्सेस’ नावाची सेवा आहे. उपनगरात एकट्या राहणाऱ्या, गाडी चालवणे सोडलेल्या कित्येकांना डॉक्टरकडे जायला दुसरा मार्ग नाही. आपण आणि मी त्या वयापासून फार दूर नाही.

आता पैशांकडे येतो. भाड्यातून पूर्ण खर्च भागवणारी शहर बससेवा अमेरिकेत कोठेही नाही, आणि आपण ज्या महामार्गाने कामावर जाता तोही आपल्या खिशातल्या पैशांवर चालत नाही. स्क्विरल हिल आणि फोर्ट पिट बोगद्यांपाशी रोज सकाळी लागणारी रांग आपण पाहता. बसमधली माणसे गाडी घेऊन त्या रांगेत आली, तर आपलाच वेळ वाढेल.

तरीही आपला मूळ त्रागा, की हे दरवर्षीचे रडगाणे का, अगदी योग्य आहे आणि मीही त्यात सहभागी आहे. दोन लाखांहून मोठ्या नागरी क्षेत्रांना रोजच्या खर्चासाठी मिळणारी केंद्राची नेहमीची मदत १९९८ च्या कायद्याने थांबली. केंद्राचा पैसा तेव्हापासून मुख्यतः बांधकामाला आणि खरेदीला मिळतो. चालक, डिझेल आणि दुरुस्ती यांचा भार राज्यावर, काउंटीवर आणि भाड्यावर पडतो. राज्याने आतापर्यंत कायमची सोय लावलीच नाही, एक ठिगळ संपले की दुसरे लावले. २००७ मध्ये सेवेत १५ टक्के कपात झाली. त्याच वर्षी राज्याने ठरवले, की पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक या टोल रस्त्याच्या संस्थेने वाहतुकीसाठी मोठी वार्षिक रक्कम द्यावी. ती संस्था त्यापायी कर्जात बुडत गेली आणि २०२२ मध्ये तिने द्यायची वार्षिक रक्कम ४५ कोटी डॉलरवरून ५ कोटींवर आणावी लागली. काउंटीने आपल्या वाट्यासाठी २००८ पासून उपाहारगृहांत ओतून दिल्या जाणाऱ्या मद्यावर १० टक्के कर लावला, जो पुढच्या वर्षी ७ टक्के झाला, आणि भाड्याच्या मोटारींवर दिवसाला २ डॉलर कर बसवला. मद्यकराविरुद्ध तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, हे आपल्याला आठवत असेल.

मग महामारीच्या काळातले केंद्राचे खास साहाय्य संपत आले. २०२५ च्या वसंतात पिट्सबर्ग रीजनल ट्रान्झिटने जाहीर केले, की राज्याने वाढीव निधी दिला नाही तर सेवा ३५ टक्क्यांनी कमी होईल, ४१ बसमार्ग बंद होतील आणि रात्री अकरानंतर काहीही धावणार नाही. याच राज्यातल्या फिलाडेल्फियात त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कपात प्रत्यक्ष सुरूही झाली होती. हॅरिसबर्ग या राज्याच्या राजधानीतल्या विधिमंडळात प्रतिनिधिगृहाने निधीची विधेयके मंजूर केली, सिनेटने केली नाहीत, आणि अखेरीस सप्टेंबरमध्ये राज्याच्या वाहतूक खात्याने पिट्सबर्गला बांधकाम व खरेदीसाठी राखलेले सुमारे १०.६७ कोटी डॉलर रोजच्या खर्चासाठी वापरण्याची परवानगी दिली. फेब्रुवारी २०२६ पासून लागू होणारी कपात त्यामुळे टळली, पण केवळ दोन वर्षांपुरती. नोव्हेंबरमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मंजूर झाला, त्यातही कायमस्वरूपी तरतूद आली नाही. आता जुन्या झालेल्या बस बदलण्याचे आणि पूल, बोगदे दुरुस्त करण्याचे पैसे पगारावर खर्च होत आहेत. फर्न हॉलो पुलाच्या गावात दुरुस्ती पुढे ढकलण्याचा अर्थ काय होतो, हे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागू नये.

हिशेबी माणसाला यातले नुकसान लगेच दिसेल. बससेवेचा दर्जा प्रवाशाच्या लेखी एकाच गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे पुढची बस किती वेळाने येते. दर दहा मिनिटांनी बस असेल तर वेळापत्रक लागत नाही. दर तासाला असेल तर एक बस चुकण्याच्या भीतीने माणूस गाडी घेतो, मग प्रवासी कमी झाले म्हणून आणखी फेऱ्या कमी होतात. २०११ मध्ये जे मार्ग गेले, त्यांवरचे प्रवासी शेजारच्या मार्गांवर आपोआप सरकले नाहीत, कित्येकांनी बस कायमची सोडली. बस नसेल तेथे लोक काही ना काही सोय करतातच. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत टॅक्सीवाले येत नसत, तेव्हा तेथे ‘जिटनी’ म्हणून विनापरवाना गाड्या चालत. आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाला त्या पाहून वडापची आठवण झाली असती. पण त्या सोयीचा भार गरिबाच्या खिशावर पडतो आणि तिची हमी कोणीच देत नाही.

म्हणून माझे आपल्याला आग्रहाचे सांगणे आहे, की आपल्या सिनेटरला पत्र लिहा आणि त्यात जास्त पैशांपेक्षा पाच-दहा वर्षांसाठी ठरलेल्या पैशांची मागणी करा. आपल्यासारख्या बस न वापरणाऱ्या उपनगरी मतदाराचे पत्र तेथे दहा प्रवाशांच्या पत्रांपेक्षा जास्त वाचले जाते.

प्रश्न : आमचा मुलगा पिट्सबर्गच्या माउंट लेबनन भागात राहतो. आम्ही दोघे तीन महिन्यांसाठी जाणार आहोत. मुलगा-सून दिवसभर कामावर असतील. यांच्या गुडघ्यांना त्रास आहे. आम्हाला दोघांनाच कोठे जाऊन येता येईल का, की शनिवारची वाट पाहत घरात बसावे लागेल?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, मुलाने घर फार चांगल्या जागी घेतले आहे. माउंट लेबननला ‘टी’चे स्थानक असून तेथे डब्याच्या दाराच्या पातळीवर येणारा उंच फलाट आहे, त्यामुळे गाडीत शिरताना आजोबांना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. या मार्गावरच्या काही छोट्या थांब्यांवर मात्र रस्त्यावरून तीन-चार उंच पायऱ्या चढून आत जावे लागते, तेव्हा वाटेत कोठे उतरायचे ते आधी मुलाला विचारून ठरवा. बसमध्ये असा प्रश्न येत नाही. चालकाला खूण केली तर बस दाराच्या बाजूने खाली झुकते.

भाडे एका खेपेला पावणेतीन डॉलर आहे आणि कार्डाने दिले तर तीन तासांत कितीही वेळा गाडी बदलता येते. त्यामुळे रोख देण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात कार्ड करून घ्या. पासष्टीपुढच्यांसाठी विनामूल्य प्रवासाची योजना आहे, जिचा खर्च पेनसिल्व्हेनियाच्या राज्य लॉटरीतून होतो. तिचे कार्ड वयाचा पुरावा दाखवून आधी काढावे लागते, आणि ते हाती येईपर्यंत भाडे द्यावे लागते.

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. सकाळची गर्दी ओसरल्यावर, दहाच्या सुमारास, माउंट लेबननहून शहराकडे जाणारी लाल मार्गाची गाडी धरा. बीचव्ह्यूमध्ये ती भर रस्त्यातून, घरांच्या ओसऱ्यांसमोरून जाते, आणि पुढे १९०४ च्या बोगद्यातून टेकडीपलीकडे उतरते. बोगदा संपताच स्टेशन स्क्वेअर येते, तेथे उतरा. रस्ता ओलांडला की समोर मोनॉन्गहेला इन्क्लाइन आहे. तारेने ओढली जाणारी ही डब्याची गाडी उभ्या टेकडीवरून १८७० पासून चढते-उतरते आहे. आज पर्यटक तिच्यात छायाचित्रे काढतात, पण ती खाली काम करणाऱ्या आणि वर राहणाऱ्या कामगारांसाठी बांधली गेली आणि अजूनही शहराच्या वाहतूक सेवेचाच भाग आहे, त्यामुळे तुमचे तेच कार्ड तेथे चालते. कधीकधी ती दुरुस्तीसाठी बंद असते, म्हणून निघण्यापूर्वी मुलाला फोनवर पाहायला सांगा.

वर ग्रँडव्ह्यू ॲव्हेन्यूवर कठड्याशी उभे राहिले, की तिन्ही नद्या एका नजरेत येतात. सांगलीच्या माणसाला नद्यांचा संगम नवा नाही, तरीही कृष्णाकाठच्या डोळ्यांनी तो पाहण्यासारखा आहे. पुन्हा खाली उतरून त्याच ‘टी’ने गेटवे स्थानकापर्यंत जा. तेथून संगमावरच्या उद्यानापर्यंतची वाट सपाट आहे आणि बसायला बाकडी आहेत. डबा बरोबर न्यावा. परतताना उलट दिशेने जाणारी गाडी धरायची आहे. पाटीवर लाल मार्ग आहे ना ते नीट वाचा, कारण निळ्या आणि रुपेरी मार्गांच्या गाड्याही तेथूनच सुटतात आणि त्या माउंट लेबननला जात नाहीत.

आणि पुढे केव्हा बसने गेलात, तर आपला थांबा येण्याआधी खिडकीजवळची पिवळी दोरी ओढावी लागते. उतरताना तेथील सगळेच प्रवासी चालकाला ‘थँक यू’ म्हणतात, तेवढे लक्षात ठेवा.